लवणता व धातूंची विषाक्तता

लवणता व धातूंची विषाक्तता : समुद्र, खाडी व नदीमुख यांच्या पाण्यात विरघळलेल्या लवणांच्या एकूण प्रमाणास लवणता म्हणतात. तांबे, जस्त, कॅडमियम, पारा, निकेल, शिसे इ. धातूंचा जलचर प्राण्यांवर होणारा घातक परिणाम, म्हणजे त्यांची विषाक्तता, केवळ पाण्यातील धातूच्या राशीवर अवलंबून नसतो. तो पाण्याच्या लवणतेनुसारही बदलतो. बहुतेक धातूंच्या बाबतीत लवणता कमी झाली असता धातूची तेवढीच संहती (विद्रावातील प्रमाण) अधिक घातक ठरते, असे सर्वसाधारणपणे आढळते. या नियमास महत्त्वाचे अपवादही आहेत.

हा परिणाम लहान प्राण्यांत विशेष ठळकपणे दिसतो. कोपेपोडांसारखे प्लवकी (पाण्यात तरंगणारे) कवचधर, रोटिफर, लहान कोळंब्या, गाळातील कृमी, तसेच शिंपले, कालवे व खेकडे यांचे डिंभ (अळ्या) हे ते प्राणी होत. त्यांच्या शरीराच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असतो, आवरण पातळ असते व पाण्याशी आयनांची (विद्युत् भारित अणूंची वा अणुगटांची) देवघेव सतत चालू असते. मासे व किनारी पक्षी यांचे अन्न याच प्राण्यांपासून येत असल्याने त्यांच्यावरील आघात पुढील सर्व अन्नसाखळीस जाणवतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी चार महिने खाड्यांचे पाणी पावसाने सौम्य होते व याच किनाऱ्यावर कारखान्यांची दाटीही आहे. त्यामुळे या विषयाला येथे शास्त्रीय महत्त्वाबरोबर व्यावहारिक महत्त्वही आहे.

लवणता : खुल्या समुद्राच्या १ किग्रॅ. पाण्यात सरासरीने सु. ३५ ग्रॅ. लवणे विरघळलेली असतात. त्यांपैकी क्लोराइड सु. १९·४ ग्रॅ., सोडियम १०·८ ग्रॅ., सल्फेट २·७ ग्रॅ., मॅग्नेशियम १·३ ग्रॅ. आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सु. ०·४ ग्रॅ. असते. चॅलेंजर या जहाजाच्या सफरीत (१८७२–७६) जगातील निरनिराळ्या समुद्रांतून गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण व्हिल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. लवणांचे एकूण प्रमाण ठिकाणपरत्वे बदलले, तरी प्रमुख आयनांचे परस्परांशी असलेले गुणोत्तर जवळजवळ स्थिर असते, हे त्यावरून सिद्ध झाले. आता लवणता पाण्याच्या विद्युत् संवाहकतेवरून काढतात व १९७८ च्या व्यावहारिक मापक्रमानुसार ती एककाशिवाय, केवळ आकड्याने, व्यक्त करतात.

नदीमुखात समुद्राचे पाणी व नदीचे पाणी यांचे मिश्रण होते. तेथील लवणता भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा व ऋतूंबरोबर वर्षातून एकदा खालीवर होते. लवणता ३५ वरून ५ वर आली म्हणजे क्लोराइड, सोडियम व मॅग्नेशियम हे आयन मूळच्या सु. एक सप्तमांशावर येतात. नदीच्या पाण्यात चुनखडकातून आलेले कॅल्शियम फारसे नसेल, तर कॅल्शियमही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. धातूच्या विषाक्ततेतील फरकाचे मूळ मुख्यतः या घटीत आहे. ही घट दोन वेगवेगळ्या मार्गांनी परिणाम करते : पाण्यातील धातूचे रासायनिक रूप बदलते आणि प्राण्याच्या शरीरक्रियेवरील ताण बदलतो.

धातूंची रासायनिक रूपे : पाण्यात विरघळलेला धातू एकाच रूपात नसतो. त्याचा काही अंश मुक्त (केवळ जलरेणूंनी वेढलेल्या) आयनांच्या रूपात असतो. बाकीचा क्लोराइड, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड वा सेंद्रिय द्रव्ये यांच्याशी संयोग पावून जटिल आयनांच्या रूपात असतो. तांबे, जस्त, कॅडमियम यांसारख्या धातूंचा मुक्त आयन प्राण्याच्या क्लोमावरील (कल्ल्यावरील) वा त्वचेवरील बंधस्थानांना सहज चिकटतो, तर त्यांची बहुतेक जटिल रूपे तितक्या सहजतेने चिकटत नाहीत. म्हणून या धातूंची विषाक्तता एकूण संहतीपेक्षा मुक्त आयनाच्या क्रियाशीलतेशी अधिक जुळते.

कॅडमियम हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. क्लोराइडाशी संयोग पावण्याची त्याची प्रवृत्ती प्रबळ आहे. पूर्ण खाऱ्या पाण्यातील अकार्बनी कॅडमियमापैकी सु. ९७ टक्के क्लोराइडाच्या जटिल रूपांत असते व केवळ ३ टक्क्यांच्या आसपास मुक्त आयन असतो. लवणता ५ पर्यंत उतरली की मुक्त अंश सु. पाचव्या हिश्श्यापर्यंत वा त्याहून थोडा अधिक चढतो. म्हणजे पाण्यात कॅडमियमाचा एक कणही नव्याने न मिसळता प्राण्यास भिडणारे मुक्त कॅडमियम सातपट वा अधिक होते. व्हिल्यम संडा व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये पॅलिमोनेटिस प्युजिओ या लहान कोळंबीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. निरनिराळ्या लवणतांत मृत्यूचे प्रमाण एकूण कॅडमियमाशी जुळत नाही, पण मुक्त कॅडमियम आयनाशी जुळते, असे त्यांत दिसून आले. तांब्याच्या बाबतीत असाच संबंध संडा व रॉबर्ट गिलार्ड यांनी १९७६ मध्ये एकपेशीय शैवलांवर दाखविला होता.

तांब्याचे वर्तन मात्र निराळे आहे. खाऱ्या पाण्यात त्याचे अकार्बनी रूप मुख्यतः कार्बोनेटाशी जटिल झालेले असते. क्लोराइडाचा वाटा गौण असल्याने केवळ लवणता घटल्याने मुक्त तांबे कॅडमियमाइतके वाढत नाही. नैसर्गिक पाण्यात तांब्याचा फार मोठा भाग ह्यूमिक अम्ले व तत्सम विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांनी धरून ठेवलेला असतो. नद्या ही द्रव्ये मोठ्या प्रमाणावर आणतात. त्यामुळे सौम्य पण सेंद्रिय द्रव्यांनी समृद्ध अशा नदीमुखातील पाणी प्रयोगशाळेतील तितक्याच लवणतेच्या स्वच्छ पाण्यापेक्षा तांब्याच्या दृष्टीने पुष्कळच कमी घातक असू शकते. जस्त व निकेल या दोन धातूंचा खाऱ्या पाण्यातही अकार्बनी रूपांपैकी जवळजवळ निम्मा अंश मुक्त असतो. साहजिकच लवणता घटल्याने त्यांच्या मुक्त अंशात होणारी वाढ बेताचीच असते. तरीही कमी लवणतेत त्यांची विषाक्तता वाढलेली आढळते, यावरून केवळ रासायनिक रूपांचे कारण पुरेसे नाही हे उघड होते.

शरीरक्रियेतील कारणे : कॅल्शियम व मॅग्नेशियम हे आयन क्लोमाच्या पृष्ठावरील त्याच बंधस्थानांसाठी धातूच्या आयनांशी स्पर्धा करतात. कॅडमियम आयनाचा आकार कॅल्शियम आयनाच्या आकाराच्या जवळपास असल्याने ते कॅल्शियमाच्या मार्गांनीच कोशिकेत शिरते. पाण्यात कॅल्शियम विपुल असले की हे मार्ग व्यापलेले राहतात व कॅडमियमाचा शिरकाव घटतो. पाणी सौम्य झाले की स्पर्धा कमी होते.

दुसरे कारण तर्षण नियमनाशी, म्हणजे शरीरातील द्रव व बाहेरचे पाणी यांच्यातील लवणांचा समतोल राखण्याच्या क्रियेशी, निगडित आहे. खाडीतील कोळंब्या व खेकडे यांच्या रक्ताची संहती साधारणपणे मध्यम लवणतेच्या पाण्याइतकी असते. अनेक कोळंब्यांच्या बाबतीत हा समसंहती बिंदू २० ते २८ या लवणतेच्या दरम्यान येतो. बाहेरचे पाणी यापेक्षा सौम्य झाल्यास शरीरातील लवणे बाहेर झिरपतात व पाणी आत शिरते. ही हानी भरून काढण्यासाठी प्राण्यास क्लोमांतून सोडियम व क्लोराइड सतत आत खेचावे लागते. हे काम ज्या सोडियम-पोटॅशियम पंपाद्वारे (एका विशिष्ट एंझाइमाद्वारे) होते, त्यालाच तांबे व चांदी हे धातू निष्क्रिय करतात. म्हणजे ज्या वेळी पंपाची गरज सर्वाधिक असते त्याच वेळी तो बंद पडतो. उलट समसंहती बिंदूजवळ पंपावरचा भार किमान असल्याने तांब्याचा आघातही सौम्य भासतो. कित्येक प्राण्यांत तांब्याची विषाक्तता अत्यल्प व अत्यधिक अशा दोन्ही टोकांच्या लवणतांत वाढते व मध्यम लवणतेत किमान असते, हे या स्पष्टीकरणाशी सुसंगत आहे.

शिंपले, कालवे इ. मृदुकाय प्राणी तर्षण नियमन फारसे करीत नाहीत. प्रतिकूल पाण्यात ते शिंपा मिटून घेतात. यामुळे अल्पकाळ संरक्षण मिळते, पण या काळात खाणे व श्वसन जवळजवळ थांबते. हा उपाय काही दिवसांपुरताच पुरतो. त्यांच्या डिंभांना तर तोही उपलब्ध नसतो, कारण पहिल्या अवस्थांत त्यांना कवचच नसते. म्हणून प्रौढ प्राणी तगून राहिले, एवढ्यावरून एखादे पाणी त्या जातीस निर्धोक आहे असे म्हणता येत नाही.

शरीरात शिरलेल्या धातूचा काही भाग मेटॅलोथायोनीन या गंधकयुक्त प्रथिनाने बांधून ठेवला जातो. या प्रथिनाचा शोध १९५७ मध्ये घोड्याच्या वृक्कात (मूत्रपिंडात) लागला आणि पुढे अनेक सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांतही तशी प्रथिने आढळली. प्रथिन तयार करण्यास ऊर्जा लागते. तर्षण नियमनावर आधीच ऊर्जा खर्च करणाऱ्या प्राण्यास हा दुहेरी भार झेपत नाही, असे मानले जाते.

अपवाद : पारा व चांदी यांचे क्लोराइडाशी असलेले बंध अतिशय बळकट असून खाऱ्या पाण्यात हे धातू अकार्बनी मुक्त रूपात जवळजवळ नसतातच. तरीही ते निरुपद्रवी होत नाहीत. त्यांची विद्युत् भाररहित क्लोराइडे कोशिकापटलातून थेट आत शिरू शकतात. ऑक्सिजनविरहित गाळात काही सूक्ष्मजंतू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे संयुग अन्नसाखळीत एकेका पायरीवर साठत जाते. जपानमधील मिनामाता उपसागराच्या काठी १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदल्या गेलेल्या रोगाचे कारण हेच होते. तेथे पाणी खारेच होते. खारेपणामुळे पाऱ्यापासून संरक्षण मिळते ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

आर्सेनिक पाण्यात धन आयनाच्या नव्हे, तर ऋण आयनाच्या रूपात वावरते. त्यामुळे क्लोराइड व कॅल्शियम यांची वर दिलेली कारणे त्यास लागू पडत नाहीत. शिशाच्या बाबतीत शोषणाचे चित्र वेगळे दिसते. ऑस्ट्रेलियात डी. जे. एच. फिलिप्स यांनी १९७६ मध्ये मायटिलस एड्युलिस या शिंपल्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. लवणता कमी केल्याने कॅडमियमाचे शोषण वाढले, शिशाचे घटले, जस्ताच्या शोषणात फरक पडला नाही आणि तांब्याच्या शोषणात कोणतीच सुसंगती आढळली नाही. एकाच पाण्यात, एकाच प्राण्यात चार धातूंचे चार प्रकारचे वर्तन दिसावे, ही गोष्ट सरसकट नियम बांधणाऱ्यास सावध करणारी आहे.

लवणतेचा प्रभाव धातूंपुरता मर्यादित नाही, पण त्याची दिशा सर्वत्र सारखी नसते. लेनवुड हॉल व रॉनल्ड अँडरसन यांनी १९९५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात कॅडमियम, क्रोमियम, तांबे, पारा, निकेल व जस्त यांची विषाक्तता लवणता घटल्यास वाढते, असे बहुसंख्य प्रयोगांवरून दिसले. कार्बनी फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची विषाक्तता मात्र लवणता वाढल्यास वाढलेली आढळली.

मापनाच्या पद्धती : ठराविक काळात, बहुधा ४८ किंवा ९६ तासांत, निम्मे प्राणी ज्या संहतीस मरतात तीस मध्य घातक संहती म्हणतात. ही संहती जितकी कमी तितका धातू अधिक विषारी असतो. अशा चाचण्यांसाठी ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस हा रोटिफर, टिग्रिओपस वंशातील कोपेपोड, मायसिड कोळंब्या व कालवांचे डिंभ वापरतात. आर्टेमिया हा मिठागरांतील लहान कवचधर त्याची सुप्त अंडी वर्षानुवर्षे टिकत असल्याने प्रयोगास सोयीचा ठरला आहे. परंतु समुद्राच्या कित्येक पट खाऱ्या पाण्यात जगणारा हा प्राणी धातूंच्या बाबतीत असाधारण सोशिक आहे. त्यावरील निष्कर्षांवरून इतर प्राण्यांच्या सुरक्षिततेचे अनुमान केल्यास ते फसवे ठरते.

लवणतेचा परिणाम शोधताना प्रत्येक लवणतेस धातूविरहित पाण्यातील प्राण्यांची तुलना करणे अत्यावश्यक असते, कारण लवणतेतील बदल हाच प्राण्यास ताण देतो. प्राणी आधी काही दिवस त्या लवणतेस सरावलेले असावे लागतात. तापमान, पीएच मूल्य व सेंद्रिय द्रव्ये यांवर लक्ष ठेवावे लागते. उच्च तापमानात धातूंची विषाक्तता बहुधा वाढते. धातूचा काही भाग काचेच्या वा प्लॅस्टिकच्या भांड्याच्या बाजूंना चिकटतो. त्यामुळे पाण्यात किती धातू घातला यापेक्षा प्रत्यक्षात किती उरला, हे मोजणे महत्त्वाचे असते.

या सर्व घटकांचा एकत्रित हिशेब मांडण्याचे प्रयत्न १९७० नंतर झाले. फ्रांस्वा मोरेल यांनी १९८३ मध्ये मुक्त आयनाच्या क्रियाशीलतेवर आधारलेले प्रतिमान मांडले. डॉमिनिक डी टोरो व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जैव बंधस्थान प्रतिमानात क्लोमावरील बंधस्थानांसाठी धातू, कॅल्शियम, सोडियम व हायड्रोजन यांच्यात होणारी स्पर्धा आकड्यांत मांडलेली आहे. गोड्या पाण्यासाठी ते प्रथम विकसित झाले. खाडीच्या पाण्यात प्राण्याची शरीरक्रियाच लवणतेबरोबर बदलत असल्याने तेथे त्याचा वापर अधिक अवघड आहे.

कोकण व गोवा येथील परिस्थिती : कोकणात वर्षाकाठी सु. २,५०० मिमी. वा अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या काळात पडतो. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या लांबीने आखूड व वेगवान आहेत. त्यामुळे मे महिन्यात समुद्राइतके, क्वचित त्याहूनही खारे असणारे खाडीचे पाणी जुलैमध्ये वरच्या भागात जवळजवळ गोडे होते. समशीतोष्ण प्रदेशातील नदीमुखांत इतका तीव्र व इतका नियमित ऋतुबदल सहसा आढळत नाही. येथील तिसऱ्या, कालवे, खेकडे व कोळंब्या या बदलास पिढ्यान्‌पिढ्या सरावलेल्या आहेत, परंतु धातूंची भर ही त्यांना नवी आहे.

पावसाळ्यात एकाच वेळी परस्परविरुद्ध क्रिया घडतात. पुराच्या पाण्याने विरलन होऊन विरघळलेल्या धातूची संहती घटते. दुसरीकडे शहरांतील व औद्योगिक वसाहतींतील साचलेला मळ वाहून येतो व तळचा गाळ ढवळला जातो. नदीच्या कणांवर चिकटून आलेले कॅडमियम खाऱ्या पाण्याशी भेट होताच क्लोराइडाशी संयोग पावून पुन्हा विरघळते. याउलट विरघळलेले लोह अल्प लवणतेतच पुंजके बनून खाली बसते व जाताना इतर धातूंनाही बरोबर नेते. या क्रियांपैकी कोणती प्रबळ ठरेल हे खाडीपरत्वे पाहावे लागते. पाण्याचा एखाददुसरा नमुना, विशेषतः उन्हाळ्यातील, यासाठी पुरेसा नसतो.

ठाण्याची खाडी मुंबई बंदरापासून उत्तरेकडे ठाण्यापर्यंत सु. २६ किमी. पसरली आहे. तिच्या पूर्व काठावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा १९६० नंतरच्या काळात उभा राहिला. पश्चिमेस मुंबई महानगर आहे. पावसाळा सोडल्यास तिला गोड्या पाण्याचा पुरवठा अल्प असतो व मळ बाहेर जाण्यासाठी भरती-ओहोटीवरच भिस्त असते. या खाडीतील व मुंबई बंदरातील पाऱ्याविषयी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉस्टिक सोड्याच्या उत्पादनातील पाऱ्याचे घट मागे पडून त्यांची जागा आता पटलघटांनी घेतली असली, तरी गाळात एकदा बसलेला पारा दीर्घकाळ राहतो. खाडीच्या चिखलातील कृमी, लहान कवचधर व मृदुकाय यांवर स्थलांतरित पक्ष्यांचे मोठे थवे पोसले जातात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या पक्ष्यांचे भवितव्य गाळातील लहान प्राण्यांच्या भवितव्याशी बांधलेले आहे.

गोव्यात मांडवी व जुवारी या नद्यांची मुखे कुंभारजुव्याच्या कालव्याने जोडलेली आहेत. या नद्यांतून बार्जांद्वारे लोह व मँगॅनीज धातुकांची वाहतूक दीर्घकाळ चालत आली. २०१२ मधील बंदी व २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ती मोठ्या प्रमाणावर खंडित झाली होती. लोह स्वतः तितके विषारी नाही. मात्र बारीक धातुककण गाळात मिसळले की त्यांवर चिकटणाऱ्या इतर धातूंचे वहन बदलते. खाजण जमिनींत मानशीच्या (पाण्याचे नियमन करणाऱ्या दारांच्या) साहाय्याने खारे पाणी आत घेऊन कोळंबी व मासे धरण्याची पद्धत जुनी आहे. अशा कोंडलेल्या पाण्याची लवणता पहिल्या पावसांत झपाट्याने उतरते. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९६६) हिरव्या शिंपल्यातील तांबे व जस्त यांच्या संचयावर १९७८ मध्येच प्रायोगिक संशोधन प्रसिद्ध झाले. हा शिंपला (पर्ना व्हिरिडिस) आशियाई किनाऱ्यांवर धातुप्रदूषणाचा सूचक प्राणी म्हणून वापरला जातो. अशा सूचकाच्या शरीरातील धातूंचे आकडे वाचताना तो कोणत्या लवणतेतून व कोणत्या ऋतूत काढला, हे नोंदलेले नसेल तर दोन ठिकाणांची तुलना निरर्थक ठरते.

बंदरांत धातूंचा आणखी एक स्रोत म्हणजे जहाजांच्या तळांना लावण्यात येणारे जीवरोधक रंग होत. कथिलाची ट्रायब्युटिल संयुगे असलेल्या रंगांमुळे फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कालवांची कवचे विकृत होऊ लागल्याने त्या देशाने १९८२ मध्ये त्यांवर निर्बंध घातले. २००१ मध्ये संमत झालेला यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००८ पासून अंमलात आला. त्यानंतर तांबेयुक्त रंगांवरील भिस्त वाढली. म्हणून बंदरे व मासेमारी धक्के यांजवळील तांब्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे.

अंतर्भागातील गोडे पाणी : समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या प्रदेशांत लवणतेची जागा पाण्याची कठिनता (कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे प्रमाण) घेते. तत्त्व तेच असते. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. जिल्ह्याचा मोठा भाग दक्षिणी बेसाल्टाचा आहे. पूर्वेकडील वणी परिसरात मात्र चुनखडक व दगडी कोळसा आढळतो. चुनखडकातून झिरपलेले पाणी कॅल्शियमाने समृद्ध असते, तर पुराच्या काळातील नदीचे पाणी त्या मानाने मृदू असते. कठीण पाण्यात डॅफ्नियासारख्या लहान कवचधरांना कॅडमियम, तांबे व जस्त यांची बाधा कमी होते व मृदू पाण्यात अधिक होते. म्हणून खाणी, कारखाने वा शहरे यांचे सांडपाणी ज्या प्रवाहात सोडले जाते, त्याची उन्हाळ्यातील व पावसाळ्यातील कठिनता स्वतंत्रपणे मोजणे इष्ट ठरते.

जिल्ह्याच्या सीमांवरून वाहणाऱ्या वर्धा व पैनगंगा या नद्या एकत्र येऊन प्राणहितेद्वारे गोदावरीस मिळतात. त्यामुळे वणीच्या शिवारात पाण्यात गेलेला धातू गाळाबरोबर अखेरीस बंगालच्या उपसागराच्या काठी, गोदावरीच्या मुखात पोहोचू शकतो. तेथे खाऱ्या पाण्याशी भेट होताना तो गाळातून सुटेल की गाळातच राहील, हे वर सांगितलेल्या क्रियांवर अवलंबून असते.

अंतर्भागातील प्रत्येक खारे पाणी म्हणजे विरल केलेले समुद्राचे पाणी नव्हे, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारे असले, तरी ते सोडायुक्त व तीव्र अल्कधर्मी (पीएच मूल्य सु. १०) आहे. अशा पाण्यात कार्बोनेट विपुल व कॅल्शियम अत्यल्प असते. विहिरींच्या मचूळ पाण्याची घटनाही ठिकाणपरत्वे निराळी असते. समुद्राच्या पाण्यावरून काढलेले निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मानके व व्यवहार : धातूंच्या मर्यादा ठरविताना पाण्याचे हे गुणधर्म विचारात घ्यावेत, हे तत्त्व हळूहळू मान्य झाले. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात गोड्या पाण्यातील अनेक धातूंची मानके कठिनतेच्या प्रमाणात मांडण्यात आली व २००७ मध्ये तांब्यासाठी जैव बंधस्थान प्रतिमान स्वीकारण्यात आले. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्यातील धातूंच्या सर्वसाधारण मर्यादा दिल्या आहेत. नदी-तलावांत सोडावयाच्या सांडपाण्यात शिसे प्रतिलिटर ०·१ मिग्रॅ. व जस्त ५ मिग्रॅ. यांपेक्षा अधिक नसावे. किनारी समुद्रात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी याच मर्यादा अनुक्रमे २ मिग्रॅ. व १५ मिग्रॅ. आहेत. खुल्या समुद्रातील प्रचंड विरलन व तेथील लवणांचे संरक्षण गृहीत धरले तर हा फरक समजण्याजोगा आहे. परंतु ठाण्यासारखी अरुंद खाडी भूगोलाने सागरी असली, तरी जुलै-ऑगस्टमध्ये तिचा वरचा भाग रसायनशास्त्राच्या दृष्टीने नदीच असतो. त्या दोन महिन्यांत लवणांचे संरक्षण उपलब्ध नसते. तेथील प्राण्यांच्या दृष्टीने वर्षाची सरासरी नव्हे, तर वर्षातील सर्वांत सौम्य पाण्याचे दिवस निर्णायक असतात.

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. खाडीतील धातूंचे मोजमाप करताना एकूण व विरघळलेला धातू वेगवेगळा नोंदवावा व त्याबरोबर लवणता, तापमान, पीएच मूल्य व विरघळलेला सेंद्रिय कार्बन यांची नोंद घ्यावी. विषाक्ततेच्या चाचण्या परदेशी जातींऐवजी किनाऱ्यावर प्रत्यक्ष आढळणाऱ्या जातींवर, विशेषतः त्यांच्या डिंभांवर व किमान दोन ऋतूंतील लवणतांत कराव्यात. सांडपाणी साठवून ठेवणे शक्य असेल तेथे ते सौम्य पाण्याच्या काळात व ओहोटीच्या तळाशी सोडू नये. तिसऱ्या व कालवे वेचून निर्वाह करणाऱ्या किनारी कुटुंबांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जे शिंपले धातूमुळे मरत नाहीत, ते धातू साठवून जिवंत राहतात व बाजारात येतात. प्राणी मेले नाहीत हे पाणी निर्धोक असल्याचे प्रमाण नव्हे. त्यासाठी मांसातील धातूंची नियमित तपासणी हाच विश्वासार्ह मार्ग होय.